धुक्याच्या वर गुळ्या

आज सकाळी यंदाचं पहिलं धुकं पडलं. आता दुपार कलली आहे, केस दोनदा धुऊन झाले, तरी कानामागे हात नेला की वाळू लागते. हे म्हणाले, जरा पड. पण पडवत नाही. जत्रेतून आलेलं मूल जसं झोपायचं नाव घेत नाही, तशी मी सकाळपासून या खोलीतून त्या खोलीत फिरते आहे. शेवटी लिहायलाच बसले.

आम्ही अल ऐनला राहतो, शहराच्या अगदी कडेला. आमच्या गल्लीत शेवटचा दिव्याचा खांब, त्याच्यापुढे कचऱ्याचा हिरवा डबा, आणि त्याच्यापुढे वाळू. तांबूस, लाटालाटांची, थेट ओमानच्या दिशेने गेलेली. मी इथल्या शाळेत भूगोल शिकवत होते. ह्यांचं सगळं आयुष्य रस्त्यांच्या कंत्राटात गेलं. आता दोघंही निवृत्त आहोत आणि रोज पहाटे आम्हाला जितकी घाई असते तितकी नोकरीत असतानाही नव्हती. कारण आमच्याकडे गुळ्या आहे.

गुळ्या आमचा कुत्रा. रंग नव्या गुळाच्या ढेपेसारखा, म्हणून नाव गुळ्या. आता त्याला चौदावं लागलं आहे. तोंडाभोवतीचा गूळ पांढरा पडला, डोळ्यांवर साय आली, कानांनी तर दोन वर्षांपूर्वीच रजा घेतली. मागचा उजवा पाय तो ओढत चालतो. त्याच्या डॉक्टरीणबाई फिलिपिन्सच्या आहेत, फार मायाळू. त्यांनी उन्हाळ्याच्या आधीच सांगितलं होतं की त्याचे खुबे गेले आहेत. जिने नकोत, चढ नकोत, सपाटीवर थोडं फिरवा आणि त्याच्या मनाप्रमाणे परत या.

वाळवंटात ऋतू नसतात असं भारतातल्या माणसांना वाटतं. मलाही आले तेव्हा वाटलं होतं. शाळेत नकाशावर पिवळा रंग भरून मोकळी व्हायचे मी. इथे राहून कळलं की ऋतूची वाट बघणं म्हणजे काय असतं. उन्हाळाभर आम्ही घरात कोंडलेले. डांबर इतकं तापतं की गुळ्याच्या पंजांना चटके बसतात, म्हणून अंधारात उठून गल्लीतल्या गल्लीत फेऱ्या. दिवसभर एसीची घरघर. आणि मग ऑगस्ट संपता संपता एका सकाळी शेजारच्या उम्म खालिद फाटकाशी येऊन हाक मारतात. त्या इथल्याच, वयाने माझ्याहून मोठ्या, त्यांचं हिंदी माझ्या अरबीपेक्षा कितीतरी बरं. गुळ्या जवळ आला की अबाया उचलून दोन पावलं मागे सरतात, पण ईदला त्याच्यासाठी हाडं वेगळी काढून ठेवतात. दरवर्षी त्या तेच सांगतात, "टीचर, सुहैल आ गया. गर्मी खलास."

सुहैल म्हणजे पहाटे दक्षिणेला दिसणारा तेजस्वी तारा. तो दिसला की वाळवंटातली माणसं उन्हाळा मोडला असं मानतात. पहिल्यांदा त्यांनी बोट दाखवलं तेव्हा मी अंगणातच उडाले होते. तो तर आमचा अगस्ती. थंडीच्या दिवसांत जेवणं झाल्यावर माझे वडील खांद्यावर शाल टाकून परड्यात नेऊन दाखवायचे तोच. परड्यात तेव्हा शेणाच्या गोवऱ्यांचा आणि वाळत घातलेल्या हळदीचा वास असायचा. इथे उम्म खालिदच्या घरातून ऊद जाळल्याचा वास येत होता. तारा तोच. मी ह्यांना उठवून बाहेर आणलं, आणि हे तारा बघायचा सोडून मला म्हणाले की चप्पल घाल, जमीन तापलेली आहे.

खरी गर्मी त्यानंतरही बरेच दिवस हलत नाही. पण मन हललेलं असतं. मग तो दिवस येतो ज्या दिवशी आपण एसी बंद करतो, आणि घराला एकदम नवे कान येतात. फ्रीजचा आवाज ऐकू येतो. खिडकीतल्या बुलबुलांची भांडणं ऐकू येतात. वेगवेगळ्या मशिदींच्या अजान एकमेकींच्या पाठोपाठ येऊन वाळूवर पसरतात. चादरी, गाद्या, लोणच्याच्या बरण्या, सगळं बाहेर काढावंसं वाटतं. दिवाळीच्या आधी भारतात जी धांदल असते ती इथे हवेतच असते.

आणि त्यानंतर पहिलं धुकं.

धुक्याचं मला इतकं का, हे सांगायचं तर शुक्रवारांविषयी सांगायला हवं. सुट्टी तेव्हा शुक्रवारची असे. आता शनिवार-रविवार झाली, पण माझं अंग अजूनही शुक्रवारी सैल पडतं. शुक्रवारी सकाळी मी बटाटेवड्यांचं पीठ भिजवायचे, हे पिकअपच्या हौद्यात चटया टाकायचे, आणि सगळी वरात गल्ली संपते तिथून वाळूत उतरायची. ओळखीची दोन-तीन कुटुंबं असायची, एक कोचीचं, एक सोलापूरचं. बुरैमीला भाजी घ्यायला जायचो. ती ओमानात आहे हे मला ठाऊक होतं, वर्गात शिकवतच होते, पण पायांना ठाऊक नव्हतं. रस्ता ओलांडावा तसं पलीकडे जायचं, कोथिंबीर, मुळे, लिंबं घ्यायची आणि परत यायचं. एक दिवस मध्ये सीमेचं कुंपण आलं. गणपतीच्या आधीच्या शुक्रवारी बर दुबईला जायचो. देवळाच्या गल्लीतून झेंडू, शेवंती, दूर्वा घ्यायच्या, आब्रातून, म्हणजे तिथल्या लाकडी होडीतून, खाडीपलीकडे उगाच एक चक्कर मारायची, आणि परतीच्या वाटेवर बंद गाडीत त्या फुलांना घाम सुटायचा. मागच्या सीटवर आमची लेक ईशा मांडीवर पुड्या घेऊन झोपलेली. वाळवंटातून जाणारी ती गाडी आतून देव्हाऱ्यासारखी दरवळायची.

अशाच एका परतीच्या वाटेवर गुळ्या आला. ईशा तेव्हा दहावीत होती. पेट्रोल पंपावर पाणी प्यायला उतरली ती ओढणीत काहीतरी गुंडाळून आली. मी विचारलं, हे काय. ती म्हणाली, "आई, ही इज जस्ट व्हिजिटिंग."

त्या वर्षी पहिल्या धुक्याच्या दिवशी आम्ही त्याला मोठीवर नेलं. मोठी म्हणजे आमच्या घरापासून चालत अर्ध्या तासावरची वाळूची टेकडी. नाव आम्हीच ठेवलेलं. ईशा आणि तिच्या मैत्रिणी खोक्यांचे पुठ्ठे घेऊन वरून घसरायच्या. त्यांच्या किंकाळ्या, गरम वाळूचा आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास, चिप्सच्या पाकिटांची कुरकुर, गाफच्या, म्हणजे आपल्या शमीच्या, झाडाखाली आमच्या स्टोव्हचा फरफराट. गुळ्या घसरायचा नाही. तो मुलींच्या आधी धावत माथ्यावर जाऊन उभा राहायचा आणि त्या खाली पोचल्या की तिथूनच भुंकायचा, जणू घसरणाऱ्यांची हजेरी घेतोय. मुली मोठ्या झाल्या. एक टोरांटोला आहे, एक शारजाला. पुठ्ठे कुठे गेले कोण जाणे. आम्हीही मोठीच्या पायथ्याने फिरायला लागलो आणि माथा बघणं सोडून दिलं.

ईशा आता जबल अलीला एका मालवाहतुकीच्या कंपनीत आहे आणि दुबईत उंच इमारतीत राहते. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर ह्यांना वाळूत घेरी आली आणि माझ्या फोनला रेंज नव्हती, तेव्हापासून तिला झोप नाही. तिने आमच्यासाठी स्वतःच्याच इमारतीत, दोन मजले खाली, फ्लॅट शोधला. खाली दवाखाना, समोर मेट्रो. फक्त त्या इमारतीत कुत्री चालत नाहीत. गुळ्यासाठीही तिने सोय पाहून ठेवली होती. शहराबाहेर एका कुटुंबाचं शेत आहे, त्यांच्याकडे आणखी कुत्री आहेत, माणसं चांगली. तिने फोटो पाठवले होते. मोठं अंगण, सावली, पाण्याची कुंडी. नाव ठेवायला काही जागाच नव्हती, आणि तेच मला जड जात होतं.

फ्लॅटवाल्यांना आज होकार कळवायचा होता. ह्यांनी आठवडाभर "बघू" म्हटलं. ह्यांचं "बघू" म्हणजे हो असतं, हे मला इतक्या वर्षांच्या संसारात कळतं. मी काहीच म्हटलं नव्हतं.

तर आज पहाटे दार उघडलं आणि गल्ली नव्हती. शेवटचा खांबही नव्हता, नुसता एक पिवळसर डाग. मी ह्यांना हलवून उठवलं. धुकं पडलंय, चला. हे म्हणाले, आज नको, काही दिसणार नाही. मी म्हटलं, म्हणूनच. गुळ्याला ऐकू येत नाही, पण ओल्या वाळूचा वास त्याच्या नाकापर्यंत पोचला होता. तो दाराशी उभा राहून शेपटी हलवत होता, ती चौकटीवर आपटून टकटक वाजत होती.

धुक्यातली वाळू वेगळीच असते. वर पापुद्रा धरते, पाय ठेवला की करकर मोडते. गाफच्या पानांवरून थेंब गळत होते. कुठूनतरी उंटांचा वास येत होता आणि उंट दिसत नव्हते. पुढे रस्त्यावरून एखादा ट्रक दिवे मिचकावत हळू जायचा, त्याचं इंजिन अगदी शेजारी असल्यासारखं वाजायचं. मला हसूच येत होतं सारखं. हे गाफच्या झाडाखाली थांबले, थर्मासमधून चहा ओतायला लागले. मी कप धरला. दोन घोट घेतले आणि खाली पाहिलं तर गुळ्या नव्हता.

आधी वाटलं, पाठीमागे असेल. नव्हता. झाडाला फेरी मारली. हाका मारून उपयोग नव्हता, आणि तरीही आम्ही दोघं हाका मारत होतो. हे म्हणाले, रस्ता. मलाही तेच सुचलं होतं. त्या ट्रकांच्या समोर एक बहिरा, साय आलेल्या डोळ्यांचा कुत्रा. हे रस्त्याच्या दिशेने निघाले. मी ईशाला फोन लावला, का ते माहीत नाही, ती तिथून काय करणार होती. ती कामाला निघालीच होती. मी एवढंच म्हटलं की गुळ्या हरवलाय, धुकं आहे. तिने विचारलं, "बाबा कुठे आहेत?" मी म्हटलं, रस्त्याकडे. ती म्हणाली, "आय अ‍ॅम कमिंग," आणि फोन ठेवला.

मग मला खाली बघायचं सुचलं. धुक्याने वाळू भिजली होती आणि भिजल्या वाळूवर सगळं कोरल्यासारखं उमटलं होतं. किड्यांच्या रांगा, कुठल्याशा पक्ष्याची नखं, आमच्या दोघांच्या बुटांचे ठसे. आणि गुळ्याचे पंजे, उजव्या बाजूला ओढत्या पायाची सलग रेघ. रस्त्याच्या उलट दिशेला. मी ओरडून ह्यांना सांगितलं आणि वाकून त्या रेघेमागे चालू लागले. रेघ जरा वाकडी गेली, एका झुडपाशी थांबली, तिथे वास घेतल्याच्या खुणा, मग सरळ. आणि मग जमीन चढायला लागली.

मी थांबले. मोठीचा पायथा होता तो. रेघ वर गेली होती.

मला ते खरं वाटेना. मी आजूबाजूला पाहिलं, दुसरीकडे कुठे वळली असेल म्हणून. नव्हती वळली. मग मी चढायला लागले. आधी पायांनी, मग हातांनीही. वाळू खाली ओढत होती, साडीच्या दिवसांत हे जमलं नसतं, बरं झालं सलवार होती. मध्ये मध्ये तो बसला होता तिथे खळगे पडले होते. बसला, उठला, पुन्हा चढला. प्रत्येक खळग्याशी मीही बसत होते. धाप लागली होती आणि रडू येत होतं. धुकं हळूहळू पांढऱ्याचं सोनेरी झालं. आणखी थोडं चढले आणि माझं डोकं धुक्याच्या बाहेर आलं.

वर लख्ख ऊन होतं. निळं आभाळ. खाली, सगळीकडे, जिथवर नजर जाईल तिथवर दुधासारखं धुकं, आणि त्यातून जबल हफीतचा डोंगर बेटासारखा वर आलेला. मिनारांची टोकं, विजेच्या मनोऱ्यांचे खांदे, एखाद्या खजुराचा शेंडा. आमचं शहर, आमची गल्ली, रस्ता, कुंपण, सगळं बुडालेलं. आणि माथ्यावर गुळ्या. बसला नव्हता, उभा होता. चारही पायांवर, मागचा उजवा थरथरत होता. ओल्या अंगातून वाफ निघत होती. तोंड सूर्याकडे. त्याने मला पाहिलं आणि तो भुंकला. किती महिन्यांत मी त्याचं भुंकणं ऐकलं नव्हतं.

मी ह्यांना हाक मारली. धुक्यातून आवाज आला, "कुठे आहेस?"

"वर."

"वर कुठे?"

"मोठीवर. गुळ्या पण आहे. या."

वाळू घसरल्याचा आवाज येत राहिला. मग धुक्यातून आधी ह्यांची टोपी वर आली, मग चष्मा, वाफेने पांढरा झालेला. हे चष्मा पुसून एकदा गुळ्याकडे, एकदा खाली बघत राहिले. या माणसाने इथले किती रस्ते बांधले, आणि आता त्यातला एकही दिसत नव्हता. थर्मास मात्र काखेत होता. आम्ही तिघं ओळीने बसलो आणि उरलेला चहा प्यायलो. ईशाला फोन केला तर ती म्हणाली की ती अर्ध्या वाटेवर आली आहे, आता काही झालं तरी येतेच.

ती आली तोवर धुकं विरायला लागलं होतं. ऑफिसचे कपडे, हातात बूट, गळ्यात कंपनीचं कार्ड लोंबतंय. माथ्यावर आल्यावर तिने बूट खाली टाकले. गुळ्याजवळ गुडघ्यांवर बसली आणि त्याच्या पंजांतली वाळू बोटांनी काढत राहिली, एकेक फट. आमच्याकडे न बघता म्हणाली, "ही क्लाइम्ब्ड ऑल धिस?" हे म्हणाले, आम्ही कुणी उचललं नाही.

तिचा फोन वाजला. तिने उचलून सांगितलं की ती मीटिंगमध्ये आहे. मला हसू आवरेना. आणि त्या हसण्यातच मी बोलून गेले, आठवडाभर जे बोलले नव्हते ते.

"ईशा, आम्ही येत नाही. हा आहे तोवर नाही."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे खालचं उरलंसुरलं धुकं बघत होते. म्हणाले, "मी बघू म्हटलं होतं. आता बघितलं."

ईशाने गुळ्याचा पाय खाली ठेवला आणि दुसरा उचलला. वाळू काढता काढता तिचे डोळे भरले होते, पण आवाज ऑफिसचाच होता. "ठीक आहे. मी कळवते त्यांना. पण फोन चार्ज करून निघायचं. दोघांनीही. अँड नो वॉक्स इन द फॉग."

"धुक्यातच तर मजा आहे," हे म्हणाले.

"बाबा."

"बरं. पट्टा लावून."

ती म्हणाली की दर दुसऱ्या शनिवारी ती येईल आणि तीही चालेल. मग पायांवरची वाळू झटकून तिने त्या शेतवाल्या कुटुंबाला आणि फ्लॅटवाल्यांना, दोघांनाही, तिथूनच मेसेज पाठवले. रेंज वर चांगली होती.

उतरताना घाई केली नाही. ईशा गुळ्याच्या पोटाखालून माझी ओढणी घालून त्याचा मागचा भार तोलत होती, हे पुढून वाट दाखवत होते, मी थर्मास आणि तिचे बूट सांभाळत. सरळ न उतरता आडवं आडवं, नागमोडी. खाली आलो तेव्हा ऊन पसरलं होतं, रस्त्यावर गाड्या नेहमीसारख्या पळत होत्या. ईशाने गाडी गाफच्या झाडापर्यंत आणली होती. तिच्या डिकीत त्याच्यासाठी एक वाडगा कायम असतो, मी तो काढून पाणी ओतलं. गुळ्याने अंग झाडलं, आमच्यावर सगळी वाळू उडवली, आणि वाडग्याकडे न बघता वळून उभा राहिला. तोंड मोठीकडे. शेपटी हलायला लागली.

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. गाडीचं दार कुणी उघडलं नाही.

"आधी पाणी पिऊ दे त्याला," हे म्हणाले.